सुनबाईची ताडपत्री

मी कोणाले चिडवाचं सोडत नाही, पण माह्या सुनेनं एकदा माहीच फिरकी घेतली बाई! ती चिखलीच्या शाळेत पोराइले विज्ञान शिकोते. हरभरा सोंगून वावरात गंजी लावली होती, अन् ही भर उन्हात तिच्यावर ताडपत्री झाकून राह्यली.

"काऊन वं, हरभऱ्याले थंडी वाजते का?"

"आत्याबाई, समुद्राकडची गरम हवा अन् उत्तरेची थंडी हवा भिडून राह्यली. गारा पडतीन."

"भिडाले त्या काय जावा-जावा हायत?" म्हणत म्या मस्करीत अर्धी ताडपत्री ओढून काढली.

तेवढ्यात वारा फिरला. घामाच्या अंगावर गार झोत आला, आभाळ काळंठिक्कर झालं. दोघींनी धावपळ करून ताडपत्री परत ओढली, दगडं ठेवले अन् तिच्याखालीच घुसलो. वरून तडतड गारा! आजूबाजूचा हरभरा झोडपला, आमच्या गंजीतला एक घाटाही ओला झाला नाही.

मी काही हार मानते का? म्हटलं, "मंग त्या दोन हवांमधी सासू कोणती?"

"थंडी," सून म्हणे. "वजनदार असते. गुपचूप खालून घुसते अन् गरम हवेले वर ढकलते. मंग सारं आभाळ गरजते."

साऱ्या गावात मले असं उत्तर देणारी एकच हाय. अन् तिले म्याच पसंत करून आणलं!