चालू लाइन

हृदयरोग विभागात नंबर येण्याची वाट पाहणाऱ्या एका शिक्षिकेच्या मागच्या बाकावर एक म्हातारा वायरमन आणि त्याची बायको संमतीपत्रावरून हुज्जत घालत होती.

“करा की सही. डॉक्टरांनी एवढं समजावलं.”

“समजलं म्हणूनच अडलंय. हृदयाच्या प्रत्येक तंतूला पातळ पडदा असतो. आत ऋण, बाहेर धन. पडद्यातली दारं उघडली की क्षार आत घुसतात, ठोका पडतो. मग क्षणभर तो पडदा दुसरा इशारा घेतच नाही.”

“शहाणा आहे, क्षणभर विसावतो तरी. तुमच्यासारखा नाही.”

“माझे काही तंतू मध्येच आपल्या मनाने ठिणगी टाकतात. तेवढे जाळणार म्हणे. पण हृदय चालू ठेवून! चालू लाइनीला मी उभ्या जन्मात हात लावला नाही.”

“मला सांगता? तुम्ही शिडीवर चढलात की चाळीस वर्षं मेन स्विचपाशी मीच उभी. भाजी करपली तरी हलू द्यायचा नाहीत.”

“कुणी चुकून बटण दाबलं असतं तर? दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवू? आणि आज तुला आत सोडणार नाहीत.”

“दाराशी तर बसू देतील? हलायची नाही मी.”

शिक्षिकेने हातातल्या पुस्तकाचे पान उलटायचे थांबवले.

“चहालासुद्धा नाही?”

“चहालासुद्धा नाही.”

“आण ते पेन.”