लिंबाखालची सावली

औरंगपुऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात सोनाजी ऑफिसचा प्रिंटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसला होता. शेजारी गंगापूरचा मल्हारी नव्या फोटो स्टुडिओसाठी मॉनिटर निवडत होता. सोबत त्याची आई, बानाबाई. दुकानदार उत्साहात होता.

“फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर टाकून देतो. मॉनिटर हा घ्या. बघा कसा झगझगतो.”

“झगझगीत नको, शेठ. खरं दाखवणारा पायजे. ह्या पेनड्राइव्हातला आमच्या मेंढरांचा जुना फोटो लावा. आई, मेंढरं वळख बरं.”

“ही बुटकी. ही कानफाटी. मागं समदा अंधारच हाय की.”

“आता त्या दुसऱ्यावर लावा.”

“कधीचा फोटो म्हणायचा हा?” दुकानदारानं विचारलं.

“विद्यापीठाचं नामांतर झालं त्या सालचा. वाळूजला कंपनीच्या कुंपणाशी मेंढरं बसवली व्हती. तिथल्या एका सायबानं काढून दिला.”

“व्हय, ही बघ काळी मोरी. तिच्या मागं तिचं कोकरू. आन् लिंबाच्या बुडाशी...”

“काय गं?”

“घोंगडं पांघरून तुझा बाप बसलाय.”

सोनाजीनंही मान वळवली.

“कागदावरच्या फोटोत तर कधी दिसले नाय,” मल्हारी म्हणाला.

“मला बी नाय. त्यो गेल्यापासून रोज बघते मी ह्यो फोटो.”

“हाच मॉनिटर द्या, शेठ.”

“देतो. आणि मावशी, सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच भाग उजळता येतो. चेहरा स्वच्छ दिसेल. करू का?”

“नको, बाबा. जल्मभर उन्हात फिरला त्यो. आता सावलीत बसलाय, तर बसू दे.”