तिसरं कडवं

क्लबबाहेरच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या. सासूबाईंच्या काळ्या टी-शर्टवरचं बँडचं नाव धुऊन धुऊन विटलं होतं.

“आई, मागे खुर्च्या आहेत. गुडघ्याचं काय?”

“गुडघा माझा आहे, मी बघून घेईन. आपण पुढच्या कठड्यालाच उभं राहायचं.”

“एवढ्या दणदणाटात?”

“अगं, स्टेडियममध्ये हे लोक मुंगीएवढे दिसायचे. इथे घामसुद्धा दिसतो. शिवाय गायकाला समोर आम्ही लागतो.”

“ते कशाला?”

“तिसऱ्या कडव्याला तो माईक आमच्याकडे करतो. लोकांना वाटतं, स्टाइल आहे. स्टाइल कसली, शब्द विसरतो बिचारा. आम्ही पुढचे गातो, मग तो तिथून उचलतो. आजवर गाणं एकदाही पडू दिलं नाही.”

“आणि तुम्हीच विसरलात तर? परवा आपला मजला चुकून वरच्यांची बेल दाबलीत.”

“म्हणून तर तुला आणलंय. लग्न होऊन आल्यापासून माझ्या तोंडून ऐकतेयस. म्हण बघू.”

“इथे, रांगेत?”

“इथेच. आणि जरा मोठ्यानं म्हण, त्याला हल्ली ऐकूही कमी येतं.”