देविदासच्या कुलपाचं चित्र

जमलेल्या सर्वांना नमस्कार.

मी आज बोलणार नव्हते. देविदास माझा धाकटा भाऊ. घरच्या माणसानं शोकसभेत ऐकावं, बोलू नये, असं माझं मत आहे. पण चार दिवसांपूर्वी त्याचे भागीदार रफीकभाई घरी आले आणि म्हणाले, "बाई, शेवटच्या मार्करचं चित्र कुठंच नाही. देविदासभाऊनं काढलं नाही, तुम्हीबी काढलं नाही. आता दुसरा कसा बनवायचा?" त्या प्रश्नाचं उत्तर चार भिंतींत देण्यासारखं नाही. म्हणून लिहून आणलं आहे. आवाज अडकला तर थांबेन. कोणी पाणी घेऊन धावू नये.

पांढरकवड्याच्या या हायवेवर देविदासला सगळे ओळखतात ते ट्रकच्या एअर ब्रेकसाठी. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे कितीतरी ड्रायव्हर इथं थांबून त्याला फक्त ब्रेकचा आवाज ऐकवायचे. तो डोळे मिटायचा आणि सांगायचा, "मागच्या डाव्या चाकाले गळून राह्यलं."

मार्करचं काम त्याच्याकडे नंतर आलं. जंगलाच्या वाटेवर रिसॉर्ट झालं. तिथं लोक रंगाच्या गोळ्यांचा खेळ खेळतात. गोळी हवेच्या दाबानं उडते, अंगावर फुटते, रंग सांडतो. ती उडवणाऱ्या यंत्राला मार्कर म्हणतात. देविदास त्याला बंदूक म्हणू देत नसे. "बंदूक काहून म्हणता? ट्रकच आहे हा. टाकी आहे, व्हॉल्व्ह आहे, सिलिंडर आहे. फक्त चाकं नाहीत."

रिसॉर्टनं आधी दुरुस्तीला दिले, मग म्हणाले, तुम्हीच बनवा. त्यानं बनवले. बोटाएवढे सिलिंडर, पेन्सिलीहून बारीक नळ्या. कॅटलॉग इंग्रजीत. देविदास दहावीला दोनदा बसला, तिसऱ्यांदा बसला नाही. म्हणून दर रविवारी सकाळी तो कॅटलॉग घेऊन माझ्याकडे यायचा. मी बी.एस्सी., विषय भौतिकशास्त्र, जन्मभर तेच शिकवलं. मी वाचायची, अर्थ सांगायची आणि नळ्यांचं चित्र काढायची. येणारी हवा लाल, जाणारी निळी. तो चहा बशीत ओतून प्यायचा आणि चित्रावर सांडायचा.

मी रागवायची. तो म्हणायचा, "बाई, तुही शाळा सुटली, पण तू काही शाळेतून सुटली नाही."

अकरा चित्रं आहेत माझ्याकडे. अकराहीवर चहाचे डाग आहेत. या रविवारी मी दोन कप चहा केला. सवयीनं. दुसरा बराच वेळ झाकून ठेवला, मग ओतून दिला. एवढंच सांगते, जास्त सांगत नाही.

आता बाराव्या चित्राबद्दल.

तो एका रविवारी हा मार्कर घेऊन आला. यात त्यानं एक जास्तीचा सिलिंडर बसवला होता, ट्रिगरच्या मागं. आत स्प्रिंग. हवा असेपर्यंत स्प्रिंग दबलेली. हवा गेली की स्प्रिंग खीळ पुढं ढकलते आणि ट्रिगर बंद. ट्रकच्या पार्किंग ब्रेकची हीच रीत आहे. हवा ब्रेक लावत नाही, हवा ब्रेक सोडते. हवा संपली की गाडी जागेवर थांबते. हे इथं बसलेल्या प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. मला माहीत नव्हतं.

मी पाहिलं ते एवढंच, की त्या सिलिंडरची नळी त्यानं टाकीच्या तोंडाशीच जोडली होती. कॅटलॉगप्रमाणे नळी पुढच्या व्हॉल्व्हनंतर निघायला हवी. शिवाय रिसॉर्टनं तो वापरून पाहिला होता आणि त्यांची तक्रार होती. टाकी संपत आली की मार्कर मधेच कुलूप लावतो, खेळ थांबतो, पाहुणे चिडतात. मी म्हटलं, "देविदास, जोड चुकला आहे."

"चुकला नाही, बाई. तसाच पाह्यजे."

"पुस्तकात असा नाही."

"पुस्तकवाल्यानं ट्रक चालवला काय कधी?"

"कारण सांग."

तो बराच वेळ नळीवरून बोट फिरवत राहिला. त्याला करता यायचं, सांगता यायचं नाही. हे मला तो पाच वर्षांचा असल्यापासून माहीत होतं. तरी मी कारण मागितलं. शेवटी म्हणाला, "तुले पुस्तकातलं समजते, मले कानातलं. तू फक्त चित्र काढून दे."

मी म्हटलं, "चुकीचं चित्र मी काढत नाही."

तो मार्कर उचलून गेला. पुढचे तीन रविवार आला नाही. मीही बोलावलं नाही. मोठ्या बहिणीनं आधी बोलवायचं असतं का? तेव्हा मला वाटलं, नाही. चौथ्या रविवारच्या आधी, गुरुवारी, तो इथंच, दुकानातल्या या बाकावर काम करताना छातीला हात लावून बसला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे.

रफीकभाई येऊन गेले, तशी दुसऱ्या दिवशी मी इथं आले. हा मार्कर पुढ्यात घेतला. सुशीलानं, त्याच्या बायकोनं, मला त्याचा चष्मा दिला, माझा घरी राहिला होता. नळी नळी करत मागं गेले. समजायला तीन दिवस लागले. मग रफीकभाईंना रिसॉर्टमधून एक भरलेली टाकी, गोळ्या घातलेला एक जुना मार्कर आणि मास्क आणायला सांगितलं.

जुन्या मार्करला टाकी लावली. मग टाकी काढली. सगळे खेळाडू हेच करतात. खेळ संपला, टाकी काढली, मार्कर रिकामा झाला असं समजून तोंडावरचा मास्क काढला. मी मास्क काढला नाही. मार्करचं तोंड शटरकडे करून ट्रिगर दाबला. गोळी सुटली. पुढच्या व्हॉल्व्हनंतर, आत, एका गोळीपुरती हवा अडकून राहते. तुमच्या मागं शटरवर तो पिवळा डाग आहे, वळून पाहा. तो मी केला आहे. तो कोणाच्या डोळ्यावरही पडला असता.

मग देविदासच्या मार्करला टाकी लावली, काढली, ट्रिगर दाबला. हलला नाही. टाकीच्या तोंडाशी जोडलेल्या नळीतली हवा टाकीबरोबरच निघून गेली होती आणि कुलूप पडलं होतं. नळी पुस्तकाप्रमाणे पुढं जोडली असती, तर आत अडकलेल्या हवेनं कुलूप उघडंच ठेवलं असतं.

मी इथं, या स्टुलावर, म्हटलं, "बरोबर आहे." मोठ्यानं म्हटलं. ऐकायला सुशीला आणि रफीकभाई होते. ज्यानं ऐकायला हवं होतं तो नव्हता.

रिसॉर्टचे व्यवस्थापक इथं आले आहेत. त्यांना माझी विनंती आहे. खेळ मधेच थांबला तर पाहुण्यांना थांबू द्या. हे कुलूप काढू नका. जुन्या मार्करांनाही बसवून घ्या. चित्र आता तयार आहे.

शेवटचं. देविदासच्या दुकानात एक रीत होती. काम झालं, हवा भरली, की तो हात वर करायचा आणि म्हणायचा, "एक मिनिट कोणी बोलू नका." ड्रायव्हर असो, शेठ असो, सगळे गप्प. तो कान लावून एकेका जोडाजवळून जायचा. कुठं फुस्स ऐकू आलं, तरच साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवून बुडबुडे कुठं येतात ते पाहायचा.

त्याचा मार्कर मी पुन्हा जोडला आहे. आता रफीकभाई टाकी लावतील. आपण उभे राहू आणि त्याच्यासाठी तसेच एक मिनिट गप्प राहू. तो ऐकायचा, तसं ऐकू.

एक मिनिट कोणी बोलू नका.

*

बसा. आता जे दिलं त्याची नोंद सगळ्यांसमोर वाचते, आणि मौनात जे ऐकलं तेही आत्ताच त्याच कागदावर खाली लिहिते.

रफीकभाईंना दिलं: बारावं चित्र, एक प्रत. लाल आणि निळ्या पेन्सिलीत. वर देविदासचं नाव, खाली माझी सही. सोबत आधीची अकरा चित्रं, डागांसह.

व्यवस्थापकांना दिली: त्याच चित्राची दुसरी प्रत, आणि त्यांचा जुना मार्कर.

सुशीलाला दिला: देविदासचा मार्कर, टाकी लावलेला. आणि त्याचा चष्मा.

सुशीलानं मला दिला: साबणाच्या पाण्याचा ब्रश.

मार्करवर एकूण नऊ जोड. चित्र काढण्यासाठी मी तीन उघडले आणि परत आवळले. त्यातला एक गळतो आहे. आपण सगळ्यांनी ऐकला. तो मी नीट करून देईन.

बाकीचे सहा देविदासनं आवळलेले. त्यांचा आवाज आला नाही.