पाकटाचं बाळंतपण

पाकट मासा घरात पाळणारा माणूस पाहिलाय का कधी? आमच्या सुरतेत होता, माझा चुलतभाऊ रमेशदादा. पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, आणि नवागामच्या खोलीत गोड्या पाण्यातल्या पाकटांची जोडी. ताटासारखे चपटे मासे, शेपटीला विषारी काटा. त्यांना पसरायला जागा लागते, म्हणून दादाने खाट विकून तिथे रुंद टाकी बसवली. वहिनी जमिनीवर झोपायची आणि म्हणायची, "ही पीडा घरातून जाणार कधी?"

पुढे मादी गाभण राहिली. पाकट अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देतं. नर तिला सारखा चावायचा, म्हणून दादा त्याला वेगळं काढायला गेला, तर बिथरलेल्या मादीने दादाच्याच हातात काटा मारला. दादा गुरासारखा ओरडला. मी दादा-वहिनीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर गुजराती. "शुं करड्युं?"

"मासा चावला," मी म्हणालो.

"तापीमां?"

"नाही, घरात."

डॉक्टरांनी दादाचा हात गरम पाण्यात बुडवून ठेवला. कळ जरा उतरल्यावर ते वहिनीला म्हणाले, "बेन, ए माछली आजे ज काढी नाखो."

मला वाटलं, वहिनी याचीच वाट बघत होती.

"आज कशी काढू?" वहिनी म्हणाली. "दिवस भरलेत तिचे. हवं तर यांना ठेवून घ्या इथे, ती निवांत बाळंत तरी होईल."