चिरमुरेवाल्याची चाळण

सांगलीच्या दवाखान्यात अर्शिया मुठीत गोळी धरून बसली होती. मागं अब्बांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला. तरी आता बरं वाटतंय म्हणून चार दिवस त्यांनी रक्तदाबाच्या गोळीला हात लावला नव्हता. आत्ताही ते डोळे मिटून बसले होते. पाठीमागच्या बाकावर एक चिरमुरेवाला नि त्याची बायको येऊन टेकली.

"अंबू, सिस्टर काय म्हणाली, ऐकलंस न्हवं? बीपी एकदम झकास."

"ऐकलं की."

"मग डॉक्टरला इचारतो, गोळी बंद करू का म्हणून."

"आवं, आपण चिरमुरं वाळूत भाजतो, पण खाताना वाळू लागती का कुणाच्या दाताला?"

"छ्या! आजवर एक तक्रार न्हाई."

"मग चाळण द्या टाकून उकिरड्यावर. वाळूच न्हाई, तर चाळण कशाला?"

"चाळण हाय म्हणून वाळू लागत न्हाई गं."

"व्हय ना? मेंदूत रगात सांडलं, तवा तुमाला माजं नावसुदिक घेता येईना. मी भट्टी सांभाळली, तुमच्यासंगं आळणी जेवले. पण पुन्यांदा तसं बगायची ताकद न्हाई माज्यात."

"घरात एवढी मोठी डॉक्टरीण असताना हितं कशाला रांग लावायची?"

"लावायचीच. आन् गोळी बी घ्यायची."

"घेतो, बाई. रोज घेतो."

अब्बांनी डोळे न उघडताच अर्शियापुढं हात पसरला.

"पानी बी दे, बेटा."