सोनं वाटल्याबद्दल नारिंगी कार्ड

हॅलो?… हॅलो, आई… हो, येतंय ऐकू. तू ओरडू नकोस, मी शाळेत आहे… अगं मल्हारच्या! मला आता कोण घेतंय शाळेत.

झाली मीटिंग… म्हणजे अर्धी झाली. प्रिन्सिपल बाई कुठल्याशा कार्यक्रमाला गेल्यात, त्या येईपर्यंत पॅसेजमध्ये बसा म्हणाले. बसलेय… चहा? चहा कसला घेऊन बसलीस, पाणीसुद्धा विचारलं नाही कोणी.

नाही गं, भांडले नाही. आवाज किंचित चढला असेल… किंचितच! तुझी मुलगी असले तरी किंचितच.

सरी, सरी अक्का… मेल्लगे माताडतीनी… काही नाही, इथल्या मावशी म्हणतायत, हळू बोला. वर्ग चालू आहेत ना.

थांब, पहिल्यापासून सांगते. तुला काल नुसतं 'कार्ड मिळालं' एवढंच सांगितलं होतं ना मी? मग ऐक. सोमवारी दसऱ्याची सुट्टी संपली. साहेब आवारात गेले, झाडाची पानं ओरबाडली आणि वर्गात येऊन प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक ठेवत सुटले. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा!… मराठीत, तर काय! वर्गात कोणी कन्नड, कोणी तमिळ, कोणी हिंदी, ह्याचं आपलं सोनं घ्या चाललंय… हो ना, मलाही गोडच वाटलं. पण शाळेला नाही ना वाटलं!

मी ऑफिसात, आणि फोन टुंग वाजला. त्यांचं ॲप आहे ना, पोरगं शिंकलं तरी त्यावर येतं. उघडते तर नारिंगी कार्ड, आणि खाली 'घटना'. घटना म्हणे! मला वाटलं, पडला असेल, डोकं फुटलं असेल… वाचते तर गुन्हे लिहिलेले. शाळेच्या हरित संपत्तीचं नुकसान… हरित संपत्ती म्हणजे झाड, आई. मग परवानगीशिवाय वस्तूंचं वाटप… पानं गं, तीच पानं! आणि त्याच्याखाली… हसायचं नाही हं… कर्मचाऱ्याला अनपेक्षित स्पर्श!

पाया पडला तो! महानंदा मिसच्या, त्याच्या वर्गशिक्षिकेच्या. त्या जिन्यावरून येत होत्या कॉफी घेऊन. हा सोनं देऊन धाडकन वाकला, त्या अडखळल्या, कॉफी साडीवर… नाही, नाही, भाजलं नाही कोणाला. त्या बिचाऱ्या हसल्याच म्हणे. पण जिन्यात कॅमेरा! कॅमेऱ्यात दिसलं म्हटल्यावर घटना झालीच की.

हस बाई, हस. सोमवारी मला घाम फुटला होता.

शिक्षा? शिक्षा तर ऐकच. आठवडाभर मधल्या सुट्टीत विचार-बाक… विचार-बाक. म्हणजे एकट्यानं एका बाकावर बसायचं आणि आपल्या वागण्याचा विचार करायचा. आणि शुक्रवारी, म्हणजे आज, झाडाला सॉरी म्हणायचं… झाडाला!… अगं तुझी शपथ. झाडाला. आणि बाकही त्याच झाडाखाली ठेवलाय.

हो, तू दोन मिनिटांत मिटवलं असतंस, माहितीये मला. कान धरला असतास, आणि लगेच त्याच पोराला खडू आणायला पाठवलं असतंस. तुझ्या वाईकडच्या झेडपीच्या शाळेत कुठला आलाय कोऑर्डिनेटर!… तेच म्हणतेय ना मी! रागवा. झाड ओरबाडलं, चूकच आहे. दोन शब्द सुनवा आणि विषय संपवा. दुसरीतल्या पोराची चार माणसं बसून सुनावणी कसली घेताय? इथल्या कोऑर्डिनेटर बाई मला विचारतात, मॅम, घरी काही ताण आहे का? म्हटलं, कालपर्यंत नव्हता.

आणि ह्याच शाळेत जुलैमध्ये एका दांडगोबानं ह्याची पाण्याची बाटली जिन्यावरून खाली फेकली होती, आठवतं? फुटली, हा रडत घरी आला. तेव्हा हेच लोक काय म्हणाले? मुलं आहेत मॅम, होतं असं! तेव्हा नाही झाली घटना. बाटली ही हरित संपत्ती नव्हती ना.

वेदांत? तुझे जावई होते की मीटिंगला. कोरमंगलाच्या ऑफिसातून इथे जयनगरला यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, म्हणून लॅपटॉपवरून आले. काय भांडला गं! हातवारे काय, टेबलावर मूठ काय. फक्त म्यूटवर होता… अगं खरंच! संपल्यावर कळलं. कोऑर्डिनेटर बाई म्हणाल्या, थँक्यू सर, तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत.

… अगं पुरे आता, ठसका लागेल तुला. पाणी पी.

नाही… नाही आई, ह्याचा शाळेतून दाखला काढायचं म्हणतेय ते कार्डासाठी नाही. कार्ड गेलं खड्ड्यात. जूनमध्ये इथे आलो तेव्हापासून ह्याला एक मित्र नाही गं. पुण्यात असताना संध्याकाळी हाका मारून घरात आणावं लागायचं, आणि इथे शाळेतून येतो तो बूटसुद्धा न मळता. बूट स्वच्छ बघितले ना, की मला भरून येतं. डबा एकटा खातो. मी विचारलं, कोणाशेजारी बसतोस? तर म्हणतो, खिडकीशेजारी… हो. आणि त्यात ह्यांनी त्याला आणखी एकट्याला बसवला! ज्याला आधीच कोणी नाही, त्याला एकट्याला बसवायचं ही शिक्षा झाली?… म्हणून ठरवलंय. प्रिन्सिपल आल्या की दाखला मागायचा. वेदांतही हो म्हणालाय, पुण्यात बदली मागतो म्हणाला.

कोणी सांगितलं त्याला पानं तोडायला? हं… तेच शाळेनंही विचारलं. परत परत विचारलं. हा खाली मान घालून गप्प. म्हणून आणखी एक गुन्हा चढवला, सहकार्य केलं नाही. मलाही सांगेना. आज सकाळी भांग पाडताना कळलं… सांगते गं. आधी दुसरं ऐक.

ते झाड आपट्याचं नाहीच… नाहीच मुळी! कांचन आहे. इथे बसवनपाद म्हणतात, बैलाच्या खुरासारखं पान म्हणून. आता समोरच दिसतंय मला, गुलाबी फुलांनी नुसतं लगडलंय. आपट्याला कुठली असली फुलं?… दिसतं की तसंच, जोडपान. पण आपट्याच्या दुप्पट. आपल्याकडेही दसऱ्याला लोक कांचनच बोडका करतात, तसंच झालं हे.

काय म्हणालीस?… कोण गाढव?… आई, शब्द जरा जपून वापर… नको, परत म्हणू नकोस… अगं, ऐक ना… आई, तूच सांगितलंस त्याला.

हॅलो?… हॅलो? आहेस ना?

अगं व्हिडिओ कॉलवर. नवरात्रात. शाळेतल्या झाडाखाली पडलेलं पान कंपासपेटीत घालून आणलं होतं आणि कॅमेऱ्याला चिकटवून दाखवलंन. तुझा चष्मा देवघरात राहिला होता, तू म्हणालीस, आपटाच आहे रे राजा!… आणि पुढे काय म्हणालीस? तो म्हणाला, आजी, माझ्याशी कोणी खेळत नाही. तू म्हणालीस, सगळ्यांना सोनं वाट. ज्याच्या हातात सोनं दिलं, तो परका राहत नाही… हो, मी भाजी परतत होते, मला सगळं ऐकू येत होतं. मला तरी कुठे डोकं चाललं? म्हटलं, आजी-नातवाचं चाललंय.

आज सकाळी मला काय विचारतो माहितीये? आई, नारिंगी कार्ड मोठ्या माणसांना पण मिळतं का?… म्हटलं, नाही रे. तर म्हणतो, आणि वाईला पोचतं का?… कळलं? तुझं नाव घेतलं तर तुला बाकावर बसवतील, म्हणून चार दिवस तोंड मिटून बसलाय. मलाही नाव नाही सांगितलं. मीच ओळखलं.

… आई… रडू नकोस गं. तू रडलीस की मी रडणार, आणि मावशी आधीच माझ्याकडे बघतायत.

बेल झाली. मधली सुट्टी… इथून खिडकीतून बाक दिसतो. थांब हं… आला. एकटाच. डबा मांडीवर घेऊन बसलाय. पाय जमिनीला टेकत नाहीत गं त्याचे… नाही, हाक नाही मारायची, सांगून ठेवलंय मला… डबा उघडतच नाहीये. तुझ्या पद्धतीच्या बटाट्याच्या काचऱ्या आणि पोळी दिली होती, तरी नाही. नुसता वर झाडाकडे बघतोय.

जाते मी, आई. नाही बघवत. त्या प्रिन्सिपल येवोत न येवोत, मी त्याला उचलते आणि… थांब.

थांब, थांब… एक मुलगी आली. दोन वेण्या घातलेली… सिद्धी असावी, त्याच्या मागच्या बाकावरची. बसली! शेजारी बसली त्याच्या… गेल्या, मावशी गेल्या तिला उठवायला. तिथे एकट्यानंच बसायचं असतं ना… उठत नाहीये! मान हलवतेय. काहीतरी दाखवतेय मावशींना… अगं पान! तिच्या हातात पान आहे! वाळून कोळ झालेलं, सोमवारचं… म्हणतेय बहुतेक, मी पण घेतलं होतं. मग मी पण बसणार.

अजून दोघं आले… तिसरा… आई, तो बाटली फेकणारा दांडगोबा! तोही! खिशातून पानाचा चुरा काढून दाखवतोय… रांग लागली गं! खरंच रांग! जपून ठेवली होती कार्ट्यांनी, सोनं म्हणून! बाकावर जागा नाही, एकमेकांच्या मांड्यांवर बसतायत. मल्हार कुठे गेला, दिसेनासा झाला गर्दीत… हा, दिसला. दांडगोबाच्या हातात ह्याचा डबा! गेली, काचऱ्या गेल्या सगळ्या… अगं खाऊ दे की! सोमवारी डबल करून देते!

कोऑर्डिनेटर बाई आल्या धावत. आता कोणाकोणाला नारिंगी लावतात बघू… महानंदा मिस पण आल्या… त्या काय करतायत? गळ्यातलं ओळखपत्र काढलं… उलटं केलं… आई! त्यांच्या कार्डामागे पान आहे! प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलंय. दाखवतायत बाईंना आणि हसतायत. बाई खाली बघतायत… हसल्या! त्या बाई हसू शकतात, आज बघितलं मी.

आता काय?… उभे राहिले सगळे. झाडाकडे तोंड करून… थांब, फोन खिडकीबाहेर धरते, ऐक!

… आलं ऐकू? सॉऽऽरी ट्री! सगळी बेंबीच्या देठापासून ओरडली. माफी मागताना एवढं खिदळलेलं कोणी बघितलंयस का तू? झाडही फुलं टाकतंय वरून… नाही गं, वारा आहे. पण मला आज तसंच वाटतंय, असू दे.

रडतेय मी, हो. रडू दे. जूनपासूनचं साठलंय.

काय अक्का?… प्रिन्सिपल आल्या का? स्वल्प ताळी अक्का, ऐदु निमिष… पाच मिनिटं थांबा म्हटलं त्यांना. दाखला? कसला दाखला, आई? आता मी प्रिन्सिपलना एवढंच सांगणार, तो बाक जरा लांबलचक करून घ्या.

अगोबाई, बघितलं त्यानं मला. येतोय पळत… अरे हळू! बूट बघ काय झालेत तुझे!… मळलेत, आई, चिखलानं बरबटलेत!… हो, आजी आहे फोनवर. घे, गजातून हात घाल. बोल.

आजी! मी मल्हार… आजी, मी तुझं नाव नाही सांगितलं. कोणालाच नाही… अगं रडतेस काय? कार्ड फक्त मला मिळालं, तुला नाही मिळणार… हो. सगळे आले. सिद्धी पण आली… ऐक ना आजी, ते सगळे विचारतायत, आता पुढचं काय वाटायचं?… दिवाळीला? लाडू?… लाडू झाडावर नसतात ना?… नक्की ना? चष्मा लावून सांग!… मग चालेल… आजी, ठेवतो, ठेवतो! माझ्या बाकावर माझीच जागा जाईल!